पाटी दुसऱ्याची, जबाबदारी मालकाची

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. एका लहानशा कारखान्यात तो हिशेबनीस आहे. पगार बेताचा, संसार वाढता. बोलता बोलता त्याने सांगितले की, गेल्या चार वर्षांत त्याने इंटरनेटवरील अडतीस डोमेन, म्हणजे संकेतस्थळांची नावे, घेऊन ठेवली आहेत. "सर, प्लॉट घ्यायची ऐपत नाही, म्हणून नावे घेतली," हे त्याचे शब्द.

या नावांवर कोणतेही संकेतस्थळ नव्हते. त्याने ती एका परदेशी कंपनीच्या हवाली केली होती. कंपनीने प्रत्येक नावावर एक पान लावले. वर 'हे नाव विक्रीस आहे' अशी सूचना आणि खाली जाहिराती. वाट चुकून कोणी त्या पानावर आला आणि त्याने जाहिरातीवर बोट टेकविले, की जाहिरातदार पैसे देणार व त्यातील काही वाटा माझ्या विद्यार्थ्याच्या पदरात पडणार. या व्यवहाराला पार्किंग म्हणतात. गिऱ्हाईक येईतो गाडी रस्त्याकडेला उभी करावी, तसे नाव उभे करून ठेवावयाचे.

एका नावासंबंधी त्याला कोणा अनोळखी गृहस्थाचे पत्र आले. किंमत काय? याने उत्साहाने दोन लाख सांगितले. महिन्याभराने वकिलामार्फत तक्रार आली आणि तिला याचेच उत्तर पुराव्यादाखल जोडलेले होते. ते नाव शेतीची अवजारे विकणाऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळत होते, आणि पानावर त्या कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती झळकत होत्या. त्या नावाने तोवर त्याला तीनशे रुपयेही मिळवून दिलेले नव्हते. "सर, मी तर काहीच केले नाही," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ते अक्षरशः खरे होते, आणि गोम तेथेच आहे.

जमीन पडीक ठेवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यांविषयी आपले मत काय आहे, हे या पृष्ठाच्या वाचकांना सांगावयास नको. नावांचा साठा करणाऱ्यांनाही तोच न्याय लावून मोकळे होता येईल. परंतु आयुष्यभर वर्गात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकविल्यामुळे असेल, मला प्रथम हे तपासावेसे वाटले की, या व्यवहारातील जमीनदार नेमका कोण? माझा विद्यार्थी नव्हे. नाव त्याच्या मालकीचेच नाही. ते वर्षाच्या कराराने घेतलेले आहे. 'डॉट कॉम' नावांची सारी नोंदवही व्हेरिसाइन ही एकच अमेरिकन कंपनी सांभाळते आणि 2024 च्या सप्टेंबरपासून ती प्रत्येक नावामागे वर्षाला 10.26 डॉलर घाऊक दराने घेते. त्यावर विक्रेत्याचा नफा निराळा. म्हणजे नाव विकले जावो न जावो, अडतीस नावांचा खंड दरसाल भरावाच लागतो. पानावर कोणती जाहिरात यावी हे तो ठरवीत नाही. किती माणसे आली हे तो मोजीत नाही. पैसे किती झाले, हे त्याला सांगितले जाते तेवढेच समजते.

उसाच्या पट्ट्यातील वाचकांना काटामारी हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. ऊस शेतकऱ्याचा, काटा कारखान्याचा आणि वजनाची चिठ्ठीही कारखान्याचीच. येथेही तसेच आहे. 2014 साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी स्वतः नावे घेऊन पार्किंग कंपन्यांकडे ठेवली आणि दुसऱ्या टोकाला जाहिरातदार होऊन जाहिराती विकत घेतल्या. दोन्ही टोके हाती आल्यामुळे मधला हिशेब प्रथमच उघडा पडला. कोणा माणसाने न दाबलेल्या जाहिरातींचे पैसे जाहिरातदाराच्या माथी मारले जात होते, आणि नावावर आलेल्या पाहुण्यांचे उत्पन्न नावधारकाच्या खाती जमा न होता मध्येच जिरत होते. त्याआधी 2009 साली स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीला कबूल करावे लागले होते की, तिचाच एक कर्मचारी खोट्या नावाने बोली लावून किमती वर नेत होता. पार्किंगचा धंदा करणारी एक कंपनीही तिच्याच मालकांकडे होती. अडत्या, मापाडी आणि लिलाव पुकारणारा एकाच घरचे असले म्हणजे काय होते, हे बाजार समित्यांचा इतिहास जाणणाऱ्याला नवीन नाही.

उत्पन्नात असा दुय्यम असलेला नावधारक दायित्वात मात्र पहिला असतो. डोमेनच्या तंट्यांसाठी 1999 साली आयकॅन या संस्थेने एक कार्यपद्धती ठरविली. तीनुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव आपल्या व्यापारचिन्हासारखे आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते कुहेतूने घेतले व वापरले. कुहेतूची जी उदाहरणे त्या नियमांत दिली आहेत त्यांत दोन अशी आहेत: चिन्हाच्या धन्याला वा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला खर्चाहून अधिक किमतीस विकण्याचा मुख्य उद्देश, आणि नावसाधर्म्याने लोकांचा घोटाळा करून पैसे मिळविणे. विक्रीची पाटी पहिल्याकडे बोट दाखविते, जाहिराती दुसऱ्याकडे. दोहोंसाठी लागणारा पुरावा पार्किंगचे एकच पान आयता तयार करून ठेवते. 'जाहिराती यंत्राने आपोआप लावल्या, माझा त्यांच्याशी संबंध नाही' हा बचाव निवाडा करणाऱ्या मंडळींनी सातत्याने अमान्य केला आहे. नावावर ताबा तुमचा, तेव्हा पानाची जबाबदारीही तुमची.

नावांचा व्यापार मुळात बेकायदा नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. सफरचंद अशा अर्थाचे नाव घेऊन त्यावर फळांच्या जाहिराती असतील तर हरकत घेणे कठीण. त्याच पानावर उद्या मोबाइल फोनच्या जाहिराती आल्या की प्रकरण पालटते. आणि त्या कधी येतील, कोणाला दिसतील, हे धारकाच्या हाती नाही. पाहणारा कोणत्या देशातून, कोणत्या उपकरणावरून आला आहे हे हेरून पान क्षणोक्षणी बदलत असते. विद्यार्थ्याला आपल्या घरी जे पान दिसत होते ते निरुपद्रवी होते; वकिलाने छायाचित्र घेतले ते निराळेच होते.

आपल्याकडील न्यायालये या बाबतीत मागे नाहीत. रेडिफ या नावाशी मिळतेजुळते नाव घेणाऱ्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने 1999 सालीच मनाई केली होती, आणि सत्यम इन्फोवेच्या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते असा निर्णय दिला. 'डॉट इन' नावांसाठी स्वतंत्र लवाद आहे. अमेरिकेच्या 1999 च्या कायद्यात तर प्रत्येक नावामागे एक हजारापासून एक लाख डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे.

आता त्या वाट चुकलेल्या माणसाकडे वळू. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो कोठेच नसतो. नाव टाइप करताना एक अक्षर चुकलेला हा सामान्य मनुष्य. इन्फोब्लॉक्स या संगणक-सुरक्षा कंपनीने 2025 च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, पार्क केलेल्या नावांवर घरगुती जोडणीवरून गेलेल्या माणसाला दहापैकी नऊहून अधिक वेळा फसवणुकीच्या, भीती दाखवून पैसे उकळणाऱ्या वा घातक पानांकडे ढकलले जात होते. आपला ठावठिकाणा झाकून तपासणी करणाऱ्याला मात्र साधेसुधे पान दिसे. त्याच वर्षी गुगलने अशी व्यवस्था केली की, जाहिरातदाराने मुद्दाम मागितल्याखेरीज त्याच्या जाहिराती अशा पानांवर जाऊ नयेत. अब्रूदार जाहिरातदार उठून गेल्यावर त्या जागेला भाडे द्यावयास कोण पुढे येतो, हे ग्रेशॅमचा नियम शिकलेल्या कोणासही कळेल. ज्या कंपनीकडे आपण नाव सोपविले ती ते पुढे कोणाच्या हाती देते, हे नावधारक पाहू शकत नाही.

हे सारे नावांचा धंदा न करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही ध्यानात घ्यावे, असे मला वाटते. आपल्या संघटना, वाचनालये, पतपेढ्या यांची संकेतस्थळे कोणा तरुण कार्यकर्त्याच्या नावावर नोंदविलेली असतात. तो नोकरीनिमित्त गाव सोडतो, वार्षिक शुल्क भरावयाचे राहते. मुदत संपली की पुष्कळदा विक्रेताच त्या नावावर जाहिरातींचे पान चढवितो. 'डॉट कॉम' नाव रद्द झाल्यावर ते जादा पैसे भरून सोडविण्यास तीस दिवस मिळतात, आणि मग ते कोणासही खुले होते. तीस वर्षे राबून कमावलेल्या संस्थेच्या नावाखाली एके दिवशी रमीचा डाव दिसू लागतो, आणि जुने सभासद जुन्याच पत्त्यावर विश्वासाने जात राहतात. म्हणून नोंदणी व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे असावी, आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहिलेली असावी. नको असलेले नाव पार्किंगला देण्याचा मोह तर मुळीच नको. संस्थेचा पत्ता असलेले एक साधे पान ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

विद्यार्थ्याला उत्तर देण्यास वीस दिवस होते. त्यातले अकरा त्याने माझ्याकडे येण्याचा संकोच करण्यात घालविले. आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिले आणि ते नाव विनामूल्य देऊन टाकले. उरलेल्या सदतीस नावांवरील पार्किंग त्याने माझ्यासमोर बसूनच काढले. कंपनीकडे त्याचे अकरा डॉलर जमा आहेत. किमान रकमेची अट पुरी होत नसल्यामुळे ते त्याला काढता येत नाहीत.