नाभीतला प्रकाश आणि दुर्लक्षित गणित

भिंगातून गेलेला लेसर किरण एका बिंदूत एकवटतो, ही शालेय आकृती शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली अपुरी ठरते. तेलात बुडवून वापरायच्या वस्तुभिंगाच्या कडेचे किरण अक्षाशी सुमारे ६७ अंशांचा कोन करून नाभीकडे वळतात. त्यांच्याबरोबर विद्युत क्षेत्राची दिशाही वळते आणि मूळ किरणात जवळपास नसलेला, प्रवासाच्याच दिशेतला घटक नाभीत प्रकट होतो. त्यामुळे रेषीय ध्रुवित लेसरचा ठिपका गोल न राहता ध्रुवणाच्या दिशेने लांबट होतो. ध्रुवण वगळणाऱ्या सोप्या सूत्राला हे दिसतच नाही.

यासाठीचे सदिश गणित रिचर्ड्स आणि वुल्फ यांनी १९५९ मध्ये मांडले. आज ते साध्या संगणकावर सोडवता येते. त्रिज्येच्या दिशेने ध्रुवित केलेला किरण अधिक लहान ठिपक्यात एकवटेल, हे आधी गणिताने सांगितले. २००३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ते प्रत्यक्ष मोजून दाखवले.

भारताला हा विषय परका नाही. एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, बंगळुरूत ध्रुवित प्रकाशाच्या भूमितीय कलेचा पाया घातला. त्या कामाकडे जगाचे लक्ष मात्र १९८० च्या दशकात वळले. त्याच कुळातली भूमितीय कला तीव्र नाभीतही प्रकटते आणि प्रकाशीय चिमट्यात धरलेल्या सूक्ष्म कणांना फिरवू शकते. कोलकात्याच्या आयसरमध्ये या दिशेने संशोधन झाले आहे.

२०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. एकेक अणू लेसरच्या नाभीत धरून ठेवणे हे क्वांटम तंत्रज्ञानातले एक मूलभूत कौशल्य आहे. अशा वेळी केवळ उपकरणांच्या खरेदीवर समाधान मानणे परवडणारे नाही. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात हे सदिश गणित हवे, तपासलेल्या मुक्त संगणक-आज्ञावली हव्यात आणि त्या लिहिणाऱ्यांच्या श्रमाला शोधनिबंधाइतकीच प्रतिष्ठा हवी.

प्रतिमान म्हणजे प्रयोग नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. गणितातले भिंग निर्दोष असते, प्रयोगशाळेतले नसते. पण निर्दोष भिंगाने काय दाखवायला हवे हे ठाऊक असेल, तरच समोरच्या भिंगातला दोष ओळखता येतो. महागडे यंत्र विकत मिळते. त्याने दाखवलेले खरे की खोटे, हे ठरवणारी नजर मात्र घडवावी लागते.