खरूज, प्रतिकारशक्ती आणि लसीची आशा

चंदनसारच्या चाळींतून रात्री वाढणारी खाज घेऊन रुग्ण आला की पुष्कळदा त्याच्या हाती स्टिरॉइडयुक्त मलम पडते आणि जोडीला 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' सिरप. या प्रथेविषयी आम्हांस स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते.

खरजेच्या सामान्य रुग्णाच्या अंगावर बहुधा दहा-पंधराच किडे असतात. खाज येते ती मुख्यतः शरीराच्या प्रतिक्रियेमुळे. पहिल्या लागणीत ही प्रतिक्रिया उमटण्यास 4 ते 6 आठवडे लागतात, पुन्हा लागण झाल्यास मात्र 1 ते 4 दिवस पुरतात. केनेथ मेलनबी यांनी 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत दुसऱ्या लागणीच्या वेळी किडे कमी आढळले. लसीची आशा येथूनच निर्माण होते.

परंतु खपलीयुक्त खरजेत आयजीई व इओसिनोफिल पेशी पुष्कळ वाढूनही किडे हजारोंनी माजतात. म्हणजे प्रश्न प्रतिकार किती, हा नसून तो कोणत्या प्रकारचा, हा आहे. तेव्हा सरसकट 'शक्ती वाढविण्याचा' दावा कोणत्या आधारावर करावयाचा? हाफकिन यांनी 1897 साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली, कारण तो जंतू रश्श्यात वाढविता येत होता. खरजेचा किडा यजमानाच्या त्वचेवाचून प्रयोगशाळेत वाढविता येत नाही. मानवासाठी तिची लस आजही उपलब्ध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. स्पर्श, एकत्र शय्या व वस्त्रे यांतून रोग संक्रमित होतात, हे सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानात केव्हाच सांगून ठेवले आहे. खाज नसलेला कुटुंबीयही लागण पसरवीत असतो. म्हणून घरातील सर्वांवर एकाच दिवशी उपचार व्हावेत, कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत आणि अंड्यांतून निघालेल्या किड्यांसाठी उपचाराची योग्य अंतराने पुनरावृत्ती व्हावी. गंधकाचे मलम आपल्या परंपरेतले आहे आणि आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. नुसत्या स्टिरॉइडने खाज दबते, किडे मात्र राहतात.

औषधविक्रेते बंधूंना आमची विनंती एवढीच, की एक मलम देण्यापूर्वी "घरात माणसे किती?" हा प्रश्न अवश्य विचारावा. लस येईल तेव्हा येवो. तोवर हा प्रश्नच मोठे काम करील.