अभावाचे तीन प्रकार

जुन्या पोथीचा पाठ सिद्ध करताना कसरीने खाल्लेले अक्षर, नकलकाराने मुद्दाम कोरी सोडलेली जागा आणि मुळातच नसलेली ओळ यांत आपण भेद करतो. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेलाही असा भेद ठाऊक आहे. तिच्या क्रमवार यादीत, म्हणजे ‘अ‍ॅरे’त, ‘नल’ हे जाणूनबुजून नोंदवलेले रिक्तपण. ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे घर आहे, पण त्यात मूल्य ठरलेले नाही. आणि तिसरी निव्वळ पोकळी: तिथे घरच नसते, तरी यादीची लांबी मोजताना ते धरले जाते. (न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार मानले; इथे तिनावर भागले आहे.)

पण हा भेद भाषा स्वतःच पाळत नाही. ‘फॉरईच’ पोकळी ओलांडून जाते. २०१५ च्या प्रमाण आवृत्तीत आलेले ‘फॉर-ऑफ’ तिथे थांबून ‘अनडिफाइन्ड’ हाती देते. आणि ‘जॉइन’ने यादीची संहिता केली, की तिन्ही अभाव सारखेच कोरे! हिशेबाला हे चालेल, पाठसंपादनाला नाही. कारण छापील कोरेपणावरून कसर कोणती आणि नकलकार कोणता, हे पुढच्या संपादकाला कळणार कसे? न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी म्हणूनच मी स्वतः निराळी खूण भरतो. यादी त्यामुळे जरा अजागळ दिसते खरी.