अम्मीचं ताट आधी मोजा

मुरुडच्या कुठल्याही मेडिकलवर जा, कॅल्शियमची पट्टी मागितली की हातात पडते. किती हवंय, ताटातून किती मिळतंय, हे घेणाराही विचारत नाही. माझं म्हणणं इतकंच, आधी ताट मोजा. आणि स्वतःच्या आधी अम्मीचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढांसाठी रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं; पाळी गेलेल्या बाईला 1200. आता आपल्याकडचं रोजचं जेवण धरा. ज्वारीच्या तीन भाकरी, म्हणजे 200 ग्रॅम पीठ, 55. दोन कप चहात मिळून 100 मिली दूध, 120. वाटीभर वरण आणि थोडी भाजी, फार तर 75. बेरीज 250. दूध-दही घरात येतं, पण ते मुलांना आणि मर्दांना. (शेजारच्या हिंदू घरातही चित्र वेगळं नाही.)

आणि पाया? हाड मोडलं की घरोघरी पाया शिजतो. चव लाजवाब, पण हाडातलं कॅल्शियम रश्श्यात फारच थोडं उतरतं. खुशाल खा, हिशेबात धरू नका. पालकही तसाच, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

उलट पेलाभर दूध 300, वाटीभर दही 180, भाकरीच्या पिठात 50 ग्रॅम नाचणी मिसळली तर आणखी 180. अम्मी 900 च्या पुढे गेली! मग पट्टी कशाला?

पण ज्या घराला रोजचं दूध परवडत नाही तिथे हा उपदेश फुकटचा आहे. तिथे डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. गरोदर बहिणीने, भाभीने तर घ्यावीच. 2014 पासून केंद्र सरकारचं धोरण आहे : चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिने, 500 मिलिग्रॅमच्या रोज दोन गोळ्या. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या या गोळ्या कपाटात पडून राहतात, याचा राग येतो. लोहाच्या गोळीसोबत त्या घेऊ नयेत, दोन तासांचं अंतर हवं. विकत घेताना पट्टी नीट वाचा : 1250 कार्बोनेट म्हणजे कॅल्शियम 500 च.

गोळी घेऊनही ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि ते येतं उन्हातून. पडदा पाळणाऱ्या घरांतही गच्ची असते, अंगण असतं. तिथे थोडा वेळ हात-तोंड उघडं ठेवून बसायला मुलींना कुणाची परवानगी का लागावी? मुतखडा होऊन गेलेल्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळीला हात लावू नये.