मोआईंच्या भेटीला जाताना

प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटर अंतरावर रापा नुई हे लहानसे बेट आहे. १७२२ साली ईस्टरच्या दिवशी एक डच दर्यावर्दी तेथे पोहोचला आणि बाहेरचे जग त्याला ईस्टर बेट म्हणू लागले. तेथे जाणारा प्रवासी ‘मोआई’ नावाचे प्राचीन दगडी पुतळे पाहायला जातो. ते आहेतही तसेच. रानो राराकू या मृत ज्वालामुखीच्या परिसरात सुमारे चारशे मोआई आजही आहेत. काहींची पाठ खडकापासून सुटलेलीच नाही, तर काही छातीपर्यंत मातीत बुजले आहेत. किनाऱ्यावरील चौथऱ्यांवरचे बहुतेक मोआई समुद्राकडे पाठ करून वस्तीकडे पाहतात. ते पूर्वजांचे पुतळे आहेत. त्यांचे लक्ष आपल्या माणसांवर असणार!

माझा आक्षेप आहे तो प्रवासी सोबत घेऊन परततात त्या कहाणीला. पुतळे वाहून नेण्यासाठी या लोकांनी झाडे तोडली, ते आपसांत लढले आणि स्वतःच्या हाताने नष्ट झाले, अशी ती कहाणी. बेटावरील वने नाहीशी झाली हे खरे. परंतु माणसे कशाने गेली? १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो बेटवासीयांना पकडून नेले. जे मोजके परतले, त्यांच्यासोबत देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर अवघी १११ माणसे उरली होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासातही, युरोपीय लोक येण्यापूर्वी लोकसंख्या कोसळल्याची खूण आढळली नाही. ज्यांना लुटले, त्यांनाच उधळे ठरवणे हा कोणता न्याय?

त्या उरलेल्यांचे वंशज आज बेटावर राहतात आणि तेथील राष्ट्रीय उद्यानाचा कारभार पाहतात. पुतळ्यांना हात लावायचा नाही, बहुतेक स्थळी स्थानिक वाटाड्याविना जायचे नाही, असे नियम आहेत. बाहेरच्या माणसाला ३० दिवसांहून अधिक राहता येत नाही, हा चिली सरकारचा २०१८ पासूनचा नियम. काहींना ही बंधने जाचक वाटतात. मला ती रास्त वाटतात. विशेषतः वाटाड्याची सक्ती. कारण तो आपल्याच पणजोबांविषयी बोलत असतो, आणि ते ऐकून घ्यायला सवड हवी.

एक मोआई पाहण्यासाठी मात्र इतक्या दूर जावे लागत नाही. १८६८ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजाने तो उचलून नेला. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये उभा आहे. २०१८ मध्ये बेटवासीयांचे शिष्टमंडळ तेथे गेले होते, आपला पूर्वज परत मागायला.