तोंडी वचनावर दवाखाना मिळत नाही

मुंबईहून बी.डी.एस. होऊन अमेरिकेस गेलेल्या आपल्या मुलामुलींना वडीलधारी मंडळी एकच उपदेश करतात: 'मालकाशी गोडीने राहा, कागदपत्रांचा घोळ घालू नका, डॉक्टरसाहेब निवृत्त झाले की दवाखाना तुमचाच!' हा उपदेश आम्हांस साफ नामंजूर आहे.

हे पोर तिथवर कसे पोहोचले ते तरी पाहा. इथली पदवी असूनही आय.एन.बी.डी.ई. ही परीक्षा (२०२० पासून ती जुन्या परीक्षेच्या जागी आली), मग बहुतेक राज्यांत परवान्यासाठी तिथल्या दंतमहाविद्यालयात पुन्हा दोन-तीन वर्षे. शिक्षणासाठी कर्ज काढणारे तिथले विद्यार्थीसुद्धा सरासरी तीन लाख डॉलरांच्या आसपास बोजा घेऊन बाहेर पडतात. त्यात एच-१बी व्हिसा असला तर तोही मालकाच्याच अर्जावर. असा मनुष्य भिडेपोटी गप्प बसतो, आणि दवाखाना एका साखळी कंपनीकडे गेल्याचे एके सकाळी त्याला मदतनीस बाईंकडून कळते.

अनेक राज्यांत दंतवैद्याखेरीज इतरांस दवाखान्याची मालकी घेता येत नाही, हे खरे. परंतु कंपन्या 'व्यवस्थापन' आपल्याकडे घेतात. पाटीवर नाव मात्र दंतवैद्याचे!

तेव्हा नोकरी धरण्यापूर्वीच विचारावे: हिस्सा कधी? किंमत कोण ठरवणार? नोकरी सोडल्यास किती मैलांत दवाखाना थाटण्यास मनाई? (कॅलिफोर्नियात नोकरदारावर अशी मनाई चालत नाही; पुष्कळ राज्यांत चालते.) उत्तरे वकिलाकरवी लिहून घ्यावीत. यात उद्धटपणा कसला? खोलीचा इसार देताना हीच वडील मंडळी पावतीसाठी तासभर अडून बसतात.