बेटावरची 'भांडखोर बायको'

गेल्या वर्षी सुट्टीत स्कॉटलंडच्या हर्टा बेटावर गेले. हॅरिस बेटावरून बोटीने तीनेक तास. १९३० साली शेवटचे ३६ रहिवासी इथून निघून गेले. आता उरली आहेत ओस दगडी घरं आणि समुद्रपक्षी.

तिथे लेडी ग्रेंजच्या नावाचं एक दगडी खोपट दाखवतात. रेचल चीझली ही एडिंबऱ्याच्या एका न्यायाधीशाची बायको. दोघं विभक्त झाले. आपली राजद्रोही संधानं ती उघड करील या भीतीने नवऱ्याने १७३२ साली तिला पळवून नेलं. १७३४ पासून सहाएक वर्षं ती हर्टावर कैदेत होती. ना आरोप, ना खटला! १७४५ साली स्काय बेटावर ती कैदेतच वारली.

"भारी भांडखोर होती म्हणे!" एक सहप्रवासी म्हणाला. सगळे हसले.

असेलही ती तापट. पण चर्चा तिच्या स्वभावाची का? त्याच्या गुन्ह्याची का नाही? आमच्या केंद्रात येणारे नवरेही सुरुवात अशीच करतात, "मॅडम, तिचं डोकं ठिकाणावर नाही." आणि कबूल करायला हवं, कधीकधी आपणही आधी त्याचंच ऐकून घेतो.

रेचलने १७३८ मध्ये लिहिलेलं पत्र एडिंबऱ्याला पोचायला १७४० उजाडलं. सुटकेसाठी जहाज निघालं, तोवर तिला दुसरीकडे हलवलं होतं.

मैत्रिणींनो, 'ती तशीच आहे' असं कानावर आलं, की आधी तिला गाठू या. तिच्या तोंडून ऐकू या. उशीर नेहमी त्याच्याच पथ्यावर पडतो.